मार्करमामांचा सहा-चार

मेलेल्या माणसाच्या खेळालाही मार्करमामा माफी देत नसत. अंबरनाथच्या आमच्या कारखान्याच्या कॉलनीतल्या क्लबात दर जानेवारीत दिवंगत सभासदांच्या स्मरणार्थ टेनिस स्पर्धा व्हायची, आणि देणग्या बारवी धरणाकडच्या पाड्यांवरच्या मोतीबिंदू शिबिराला जायच्या. उद्घाटनाला अध्यक्ष एकेका दिवंगताचे गुण गात. मामा माझ्या शेजारी उभे राहून पुटपुटत, "मानूस देव होता साहेब. पन मेला म्हनून बॅकहँड सुधारत नाय."

मार्कर म्हणजे सभासदाला जोडीदार नसला की समोर उभा राहणारा पगारी खेळाडू. मामा पालेगावचे. जाळी बांधणं, चुन्याच्या रेघा मारणं, हेही त्यांच्याचकडे. आमचं कोर्ट शेणाचं होतं. स्पर्धेच्या दोन दिवस आधी मामी गावाहून शेणाच्या पाट्या आणायच्या आणि नवराबायको मिळून अख्खं कोर्ट सारवायची. आमच्या बायका नाकाला पदर लावून बाजूने जायच्या. सारवण वाळलं की मामी घरी परतायच्या. स्पर्धा त्यांनी कधी पाहिली नाही, कारण त्यांना कुणी बोलावलंच नाही.

मामा प्रत्येक साहेबाशी सहा-चार हरत. नवीन होतो तेव्हा मला वाटलं, आपण बरे खेळतो. मग कळलं की ज्यांची सर्व्हिसही धड पडत नाही ते आमचे मॅनेजरही सहा-चारच जिंकतात. मी छेडलं तेव्हा मामा म्हणाले, "सहा-शून्य हरलो तर साहेबाला मजा नाय. जिंकलो तर मला नोकरी नाय."

मी क्लबचा सेक्रेटरी झालो त्या वर्षी, खडूने पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट घालून ते माझ्याकडे आले. "स्पर्धेत माझं नाव घाला साहेब. पयल्या फेरीत हरलो तरी चालंल. एकदा खरं खेळून बघायचंय."

स्पर्धा फक्त सभासदांसाठी असायची, तरी मी कमिटीत विषय काढला. "आणि मार्कर जिंकला तर?" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो, आणि त्याची लाज मला अजून वाटते. मामांना सांगितलं, "पुढच्या वर्षी बघू." असं पाच वर्षं बघितलं. दर वर्षी ते बूट पांढरे करून यायचे, सामन्यांचा कागद शेवटपर्यंत वाचायचे आणि चुन्याची बादली उचलायचे.

सहाव्या वर्षी दिवाळीनंतर काविळीने ते गेले. मग मात्र कमिटीच्या प्रेमाला भरतं आलं. दिवंगतांच्या यादीत नाव घातलं, पहिल्याच फेरीत हरणाऱ्यांसाठी त्यांच्या नावाचा कप ठेवला. मेल्यावर सभासद असण्याची अट कुणाला आठवली नाही.

त्या जानेवारीत कोर्ट मामींनी एकटीने सारवलं, आणि पहिल्यांदाच त्यांना समारंभाला बसवून घेतलं. अध्यक्ष म्हणाले, "मामा म्हणजे या स्पर्धेचे झुंजार खेळाडू." मागच्या बाकावरून मामींनी मला हळूच विचारलं, "साहेब, स्पर्धेत कवा खेळले ते? मना कदी बोलले नाय."

खरं सांगायला तोंड नव्हतं. "खेळायचे की," मी म्हणालो.

"जिंकले?"

"सहा-चार."

मामींनी कोर्टाकडे बघितलं. नखांत अजून शेण होतं.

"तरीच," त्या म्हणाल्या, "दरसाल बूट पांढरे करायचे."