फ्लेक्सवरचा फोटो बदला

घोडेगाव सोडलं तो बाजाराचा दिवस होता. लग्नाला तीन वर्षं झाली होती, नवऱ्याला अमेरिकेत एका कारखान्यात नोकरी लागली होती, आणि मला विमानतळाकडे नेणारी जीप एका खिलार बैलामागे अडकली होती. बैल हलेना. ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला. तेवढ्यात बैलानं मान वर करून हंबरडा फोडला आणि मला त्याचे दात दिसले. मी काच खाली करून ओरडले, "चौसा हाय, चारच पक्के दात आलेत, अजून पोरगंच हाय ते! शेपूट पिरगाळू नका, पुढनं बोलवा!" बैल बाजूला झाला. माझे वडील, अण्णा, जनावरांचे दलाल, कडेला उभे होते. पोरगी साता समुद्रापार निघाली होती आणि हे गृहस्थ चारचौघांना सांगत होते, "बघितलं का? जीपमधनं दात वाचले पोरीनं!"

आईनं शेंगदाण्याच्या चटणीचा डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि तिचं ठरलेलं वाक्य म्हणाली, "जाऊ दे बाई आता ते सगळं."

'ते सगळं' काय होतं, ते आज सांगते. गावातल्यांनी बसून ऐका, आणि माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांनीही ऐका. मी गोष्ट सांगायला लागले की लोक हसतात, हे मला माहीत आहे. खुशाल हसा. पण मी रागावलेली आहे, एवढं ध्यानात ठेवून हसा.

बारावीला मला चांगले मार्क पडले होते. नगरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरची पदवी नव्यानं सुरू झाली होती. मी फॉर्म भरला, त्यावर दोन वेण्यांचा फोटो डकवला आणि नगरला निघालेल्या दादाच्या, म्हणजे माझ्या मोठ्या भावाच्या, हातात दिला. संध्याकाळी तो म्हणाला, "दिला गं." पुढे यादी लागली. माझं नाव नव्हतं. "नगरची पोरं लई हुशार असत्यात," दादा म्हणाला, "आपला कुठं निभाव लागतोय." मी स्वतःला ढ समजून आठ दिवस रडले. नवव्या दिवशी दादाचा नगरला जायचा ठेवणीतला सदरा धुण्याला निघाला. खिशातून कागदाचा लगदा आला. माझा फॉर्म. शाई सगळी वाहून गेली होती. फोटोत एक वेणी आणि एक डोळा तेवढा उरला होता.

आई शेजारच्या दगडावर गोधडी धूत होती. तिनं लगदा पाहिला, मला पाहिलं. "जाऊ दे बाई," म्हणाली. आईनं जन्मभर सगळं जाऊ दिलं आणि एक दिवस स्वतःही गेली. मी तो ओला फोटो वाळवला आणि चटणीच्या डब्यासोबत अमेरिकेला नेला.

इथं अमेरिकेत आम्ही राहतो त्या गावात एक छोटं कॉलेज आहे. त्याच्या मेसमध्ये मी अकरा वर्षं कांदा चिरला. अकराव्या वर्षी भिंत पुसताना एक नोटीस वाचली: इथं काम करणाऱ्यांना फी न भरता शिकता येतं. अकरा वर्षं मी त्या नोटिशीवरचं तेल पुसत होते! आता यात कुणावर रागवावं? मी सगळ्यांवर रागावले, सोयीसाठी.

बेचाळिसाव्या वर्षी मी कॉम्प्युटर सायन्सची विद्यार्थिनी झाले. हे लिबरल आर्ट्स कॉलेज. म्हणजे तुम्ही कॉम्प्युटर शिकायला आलात, तर थोडं तत्त्वज्ञान शिका, मातीची भांडी करा आणि नाचासुद्धा. पहिल्याच सत्रात मी लाकडी फरशीवर हात पसरून झाड झाले होते. शेजारी अठरा वर्षांचा एक मुलगा वारा झाला होता. वाऱ्यानं मला इतकं हलवलं की माझा गुडघा कडकन वाजला आणि अख्खा वर्ग घाबरून थांबला. हसून हसून पोट दुखलं. घरी जाताना गाडीत मात्र स्टिअरिंगवर मूठ आपटली. हे मला अठराव्या वर्षी हवं होतं. तेव्हा माझे गुडघे वाजत नव्हते.

प्रोग्रामिंगच्या वर्गात बाईंनी काम दिलं: ओळखीतलं कुणी एखादा निर्णय कसा घेतं, ते पायरीपायरीनं मांडा आणि त्याचा प्रोग्राम लिहा. पोरांनी पिझ्झा निवडायचे प्रोग्राम लिहिले. मी बैलाचं वय लिहिलं. दुधाचे दात असतील तर आदत, दोन पक्के आले की दुसा, चार आले की चौसा, मग सहादाती, आठही आले की जुळलेला. हे मला अण्णांनी सातव्या वर्षी शिकवलं होतं, बैलाच्या तोंडात माझा हात घालून. दादाचाही हात घातला होता. दादाला बैल चावला नाही, पण समजलंही काही नाही.

खात्री करायला अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. म्हातारा बाजारातच होता. मी पायऱ्या वाचून दाखवल्या.

"चुकलीस," ते म्हणाले. "आधी दात बघायचेच न्हाईत. आधी मालकाकडं बघायचं. तोंड उघडताना मालक लई बोलाय लागला, तर समजायचं, कायतरी दडवतोय."

मी तीच पहिली पायरी केली: मालक बोलतो आहे का? बाईंनी ती ओळ फळ्यावर लिहिली. त्या दिवशी मला अण्णांचा इतका अभिमान वाटला की रागाला जरा बाजूला बसायला सांगितलं.

यंदा माझी पदवी पूर्ण झाली. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दादानं फ्लेक्सचा फोटो टाकला. वेशीवर लावायचा फ्लेक्स. काळा गॉगल लावलेला दादा एवढा मोठा, आणि कोपऱ्यात पदवीची टोपी घातलेली मी, मोबाईलच्या सिमएवढी. खाली लिहिलं होतं: 'भावाच्या खंबीर पाठिंब्यानं गावच्या लेकीची उत्तुंग भरारी. भव्य सत्कार.' वरती दादाचा मेसेज: "शोभे, तिकीट काढ. शाल आनलीय."

मी एकच ओळ लिहिली: "दादा, माझा फॉर्म कुठं आहे?"

ग्रुपवर आधी जोडलेले हात, एक अंगठा, आणि दादाचं उत्तर: "जुनं कशाला उकरती. जाऊ दे की."

जाऊ दे! आईच्या तोंडी मी ते सहन केलं होतं. खिशात फॉर्म घेऊन फिरणाऱ्याच्या तोंडी नाही. लिहायला घेतलेलं उत्तर इथं छापण्याजोगं नाही. ते पाठवायच्या आत अण्णांचा कॉल आला.

अण्णा बोलायला लागले. नवी मोटर बसवली. शेजारच्याची गाय व्याली. यंदा कांद्याचं काही खरं न्हाई. तुझी टोपी लई शोभली. मंडपवाला आपलाच हाय. अण्णा आयुष्यात माझ्याशी सलग इतकं बोलले नव्हते. मालक बोलत होता.

"अण्णा," मी म्हणाले, "दात दाखवा."

पलीकडे एक म्हैस ओरडली.

"त्याच्यावर चिडू नको," ते म्हणाले. "म्याच सांगितलं हुतं त्याला. देऊ नको, खिशात ठिव म्हनून."

"का?"

"तू बाजारात संगं असलीस की माझा एक बी सौदा चुकत नव्हता. दादाला दात कळत न्हाईत. अजून कळत न्हाईत. तू नगरला गेली असतीस, तर मी कुनाला इचारलं असतं?"

अठ्ठावीस वर्षं मला वाटत होतं, मुलगी म्हणून अडवलं. तर मला हुशार म्हणून दावणीला बांधलं होतं! आणि मला कळेना, यानं राग कमी व्हावा की वाढावा. वाढला.

"आणि दोनच वर्षांत लग्न लावून दिलंत ते? तेव्हा नाही चुकले सौदे?"

"चुकले," अण्णा म्हणाले. "लई चुकले, शोभे. फ्लेक्स काढाय लावू का?"

"काढू नका," मी म्हणाले. "मी येते."

तर गावकऱ्यांनो, मी येते आहे, बाजाराच्या दिवशी. माईक माझ्या हातात येईल आणि मी कशी बोलते, ते तुम्हाला माहीत आहे. माफ केलंय असं कुणी समजू नका. पण हा राग मी इथं कुणाला दाखवू? इथं मला टोपी घातलेली हसरी बाई म्हणून ओळखतात. दोन वेण्यांच्या शोभाला पाहिलेली माणसं जगात फक्त तिथं उरली आहेत, आणि ज्यांनी तिला अडवलं, तेच तिला सर्वांत नीट ओळखतात. आता माझं घर म्हणायचं ते एवढंच.

दादा, तू गॉगल लावून खुशाल उभा राहा. माझा टोपीचा फोटो तेवढा काढून टाक. सोबत दुसरा पाठवते आहे. एक वेणी आणि एकच डोळा आहे, तो मोठा करून छाप. आणलेली शाल तिच्यासाठी ठेव. मी फक्त तिला घेऊन येते आहे.