अठ्ठावन्न नंबरची रिंग

दहावं, पिंड, कावळा... असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. बाबांच्या वेळी घाटावर मी वैतागून सारखं घड्याळ बघत होतो. आज लिहितोय, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर वेड लागलं म्हणतील.

मी डब्लिनजवळ स्वोर्ड्सला राहतो, आयटीत आहे. धाकटा भाऊ सौरभ पक्ष्यांचा अभ्यासक. उत्तर ध्रुवाजवळच्या एका चिमुकल्या, संरक्षित बेटावर समुद्रपक्ष्यांच्या पायांत नंबरच्या रिंगा घालायला गेला होता. एका दुपारी धुकं उतरलं, आणि तो बोटीपर्यंत परतलाच नाही. तीन आठवड्यांनी शोध थांबवला.

आई सांगलीहून माझ्याकडे आलेली. म्हणाली, "दहावं तरी घाल रे त्याचं." म्हणजे तो गेला हे कबूल करायचं! तरी तिच्यासाठी बॅक गार्डनमध्ये ओला पंचा नेसून, कुडकुडत पिंड मांडला. इथे छपराछपरावर कावळे... पण एक उतरेल तर शपथ. आई हात जोडून म्हणाली, "सौरभ, माझी काळजी करू नको. दादा हाय मला." नाही. तासभर नाही. शेवटी मी रडतच ओरडलो, "अरे, मी येतो तुला न्यायला! शब्द देतो!"

आणि एक पक्षी थेट पिंडावर उतरला. कावळा नव्हे — पांढराशुभ्र, काळ्या पायांचा, सौरभने पाठवलेल्या फोटोंतला. त्याने चोच मारली. पायात लाल रिंग, लांबून वाचता येईल असा आकडा : ५८. मी वाचला, आईनेही वाचला. फोटो नाही. पंच्यात फोन कुठून असणार?

सौरभबरोबर बेटावर असलेल्या मुलीला लगेच फोन लावला. तिने नोंदवही चाळली. म्हणाली, "धुकं आलं तेव्हा सत्तावन्न झाल्या होत्या. पुढच्या रिंगा त्याच्या खिशात होत्या."

मग ही कुणी घातली?

आई म्हणते, "शिवला न्हवं? सुटलं माझं पोरगं." शोधपथक म्हणतं, फोटो पाठवा. बेटावर आता पिल्लं उडेपर्यंत कुणालाही बंदी... पक्ष्यांना त्रास नको म्हणे! माझ्या भावाचं काय?

मला आजही यातलं काही उलगडलेलं नाही. खास परवानगीचा फॉर्म समोर उघडा आहे. नाव, पासपोर्ट, सगळं भरलंय. फक्त 'बेटावर जाण्याचं कारण' हा रकाना रिकामा आहे. काय लिहू... सांगा ना कुणीतरी.