वावळाचं बी

काका वावळाचं पान चुरगाळायचे आणि थेट समोरच्याच्या नाकाशी न्यायचे. "घ्या वास! आहे की नाही घाण?" गिऱ्हाईक तोंड फिरवायचं, काका खूश. नाशिक रोडला माझी नर्सरी आहे. हे माझ्याच दारात चालायचं.

तुमच्याही कॉलनीत असा एखादा असेल. आमचे काका निवृत्त पोस्टमास्तर. त्यांच्या सोसायटीच्या फाटकाशी जुना वावळ होता. आमच्या भागात तेवढा एकच. मार्चअखेर त्याच्या बियांच्या पापडीसारख्या चकत्या गळू लागल्या की काका पिशवी भरून यायचे.

"ताई, एक कोपरा द्या. आजच पेरायला हवं. हे बी ठेवलं की संपलं."

"काका, याला विचारतं कोण? लोकांना पाम हवेत."

"मग फुकट द्या."

फुकटही कोणी नेत नसे. पावसाळ्यात काका स्वतःच रोपं स्कूटरवर घालून हरसूलकडे लावून यायचे.

वावळ थंडीत पानं गाळतो. फेब्रुवारीत नुसता सांगाडा दिसतो, पण बारकी फुलं तेव्हाच येतात. ती बघायला मान वर करावी लागते. सोसायटीच्या अध्यक्षांनी केली नाही. "झाड वाळलंय, धोकादायक आहे," असा त्यांचा अर्ज महापालिकेत गेला. तपासायला आलेल्या माणसाने मोटरसायकलवरूनच होकार दिला. काका सभेत म्हणाले, "महिनाभर थांबा. हिरवं झालं नाही तर कुऱ्हाड मी आणतो." लोक हसले. पार्किंगला जागा हवी होती, एवढं सरळ बोलायचीही हिंमत नव्हती कुणात.

करवतीचा आवाज ऐकून मी धावले. खोड आडवं पडलं होतं. फांद्यांवर हिरव्या चकत्या नुकत्याच धरलेल्या, कोवळ्या. पेरून काही उपयोग नाही अशा.

काकांनी अध्यक्षांचं मनगट धरलं आणि पंजा कापलेल्या खोडावर दाबला.

"साहेब, वाळलेलं लागतंय?"

अध्यक्षांनी हात सोडवून रुमालाला पुसला. "वर पानं नव्हती हो, काका."

त्यावर मी जे बोलले ते छापण्यासारखं नाही. त्यातला एकही शब्द मागे घेणार नाही.

त्याच महिन्यात काका मुलीकडे नागपूरला गेले, कायमचे. मला सांगायलाही आले नाहीत.

वावळाच्या जागी आता अध्यक्षांची गाडी असते. उन्हाने तापते म्हणून तिच्यावर चंदेरी कव्हर घालतात.