देवाच्या वाट्याची मोहफुलं

बुधरीबाईच्या घरून आजवर उपाशी कोणी गेलं नाही. धानोऱ्याच्या पुढं डांबरी सडक संपते, तिथून तासभर आत चाललं की बारा घरांचं हे गाव. तिथं वाट चुकलेला वनरक्षक जरी आला तरी बुधरीबाई त्याचं काम नंतर विचारणार, आधी पानावर भात वाढणार. "खा, मंग बोल," हा तिचा कायदा. कायदा मोडणाऱ्याची ती अशी हजेरी घ्यायची की माणूस मुकाट्यानं दोनदा जेवायचा.

अशा बाईच्या सुनेच्या खाण्यावर डॉक्टरांनी बंदी घालावी! देवाची थट्टा, दुसरं काय.

पण थट्टेची वेळ नव्हती. सुनेची, स्वातीची, आधीची दोन बाळं गेली होती. पहिलं पोटातच गेलं, नववा भरता भरता. दुसरं जन्मलं, रडलं आणि दीड दिवसात गार पडलं. दोन्ही चांगली थोराड, गुबगुबीत. "राजावानी पोट्टं होतं वो," असं बुधरीबाई अजूनही सांगते आणि पदर डोळ्याला लावते. दोन्ही वेळी तपासणी अशी झालीच नव्हती. तिसऱ्या वेळी गावची आशा-कार्यकर्ती सोमारी हट्टाला पेटली. सहावा लागल्याबरोबर तिनं स्वातीला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. ग्लुकोजचं पाणी पाजलं, दोन तासांनी रक्त घेतलं. साखर निघाली.

"साखर? आमच्या घरी?" बुधरीबाईला हसूच आलं. "बाप्पा! आमचा चहा अर्धा महिना बिनसाखरेचा असते, तं पोरीच्या रक्तात कुठून आली?"

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण समजावून सांगायचा त्यांना कंटाळा नव्हता. म्हणाल्या, काही बायकांना ही साखर गरोदरपणातच वाढते. आईची वाढली की बाळाची वाढते, बाळ नको तेवढं मोठं होतं आणि शेवटच्या दिवसांत दगावूही शकतं. "गोड बंद. भात कमी. पंधरा दिवस बघू, नाहीतर औषध आहे."

बुधरीबाईनं घरी येऊन साखरेचा डबा धुऊन पालथा घातला. गुळाची ढेप शेजारी देऊन टाकली. लोकेशनं, तिच्या लेकानं, बाजारातून बिस्किटं आणली, तर तिनं ती त्याच्याच अंगावर फेकली. "बायकोले मारतं का रे?"

पंधरा दिवसांनी साखर तशीच. मग गोळ्या सुरू झाल्या. गोळीनं स्वातीला उलट्या व्हायच्या, तरी ती गिळायची. साखर हलेना. मग आली सुई. इन्सुलिन, रोज सकाळी जेवणाच्या अर्धा तास आधी, पोटावर. पोटावर म्हटल्यावर बुधरीबाई मध्येच पडली. "पोट्ट्याले लागली तं?" डॉक्टरीणबाईंनी तिचा हात धरून स्वातीच्या पोटाची चिमूट घ्यायला लावली. "एवढ्या कातडीतच जाते, आई. बाळापर्यंत पोचतसुद्धा नाही."

गावात फ्रिज नाही. सोमारीनं मोठ्या मडक्यात ओली रेती भरली, त्यात लहान मडकं बसवलं आणि त्यात इन्सुलिनची शिशी ठेवली. रेतीवर दिवसातून चार वेळा पाणी शिंपडायचं काम बुधरीबाईचं. एप्रिलच्या उन्हात ती स्वतः तहानलेली राहिली, पण रेती सुकू दिली नाही. आठ युनिटवर सुरू झालेली सुई चौदावर गेली. साखर मात्र ढिम्म.

आणि रोज दुपारी, रोज दिवेलागणीला, बुधरीबाई सुनेच्या हातावर एकेक लाडू ठेवत होती. मोहाचा. फुलं भाजून, जवसासोबत उखळात कुटून केलेला. हे लाडू तिच्या आईनं तिला दिले, तिनं लोकेशला पोटात असताना खाल्ले. रक्त भरतं, कंबर धरते. मोह म्हणजे काय गोड का? गोड म्हणजे दुकानातली साखर. मोह झाडाचा, जंगलाचा, घरचा! डॉक्टरीणबाई प्रत्येक वेळी विचारायच्या, "गोड काही देता का?" आणि बुधरीबाई छातीवर हात ठेवून सांगायची, "नाई." खोटं नव्हती बोलत बिचारी.

मेच्या मधल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंचा धीर सुटला. "तू सुई घेतच नाहीस स्वाती. खरं सांग."

"घेतो जी मॅडम, रोज घेतो," स्वाती रडायला लागली.

"मग खातेस काहीतरी. झाडाचं गोडसुद्धा गोडच असतं. आंबा, चारं, मोह..."

बुधरीबाईच्या डोळ्यांसमोर रोजचे दोन लाडू आले. तोंड उघडायला हवं होतं, तेव्हाच, तिथंच. पण चार बायका बघत होत्या, सून रडत होती, आणि आजवर ज्या हातानं गाव जेवलं तो हात चोर ठरणार होता. ती गप्प बसली. स्वातीही सासूकडं पाहून गप्प बसली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चौदाचे वीस केले.

वाटेत बुधरीबाईनं मनाशी ठरवलं, आता बंदच करतो, मंग सांगाचं कामच काय? घरी आल्याबरोबर तिनं मोहफुलांचं अख्खं पोतं लोकेशच्या खांद्यावर देऊन बाजारात पाठवलं. उरलेले लाडू बकऱ्यांना घातले. हात वळवळायला नको, म्हणून घरात खायचं एक फूल ठेवलं नाही.

तीन दिवस गेले. चौथ्या सकाळी स्वातीनं वीस युनिट घेतले, पण उकाड्यानं जीव घाबरून पेज अर्धीच प्याली. नऊच्या सुमारास बुधरीबाई रेतीवर पाणी शिंपडत होती, तर मागं धप्पकन आवाज आला. स्वाती भिंतीला टेकून खाली बसलेली. अंग घामानं चिंब, ओठ पांढरे, हात लटलट कापत होते. "आत्या, दिसत नाई..." एवढं बोलली आणि मग काहीबाही बरळायला लागली.

सोमारीनं सांगून ठेवलं होतं. असं झालं की साखर द्यायची, लगेच. साखर! बुधरीबाईनं पालथा डबा उचलला, हुंगला, आपटला. शेजारी धावली, कुलूप. पलीकडच्या घरालाही कुलूप. अख्खं गाव पहाटेपासून तेंदूपत्त्याला जंगलात, लोकेशही, सोमारीही. "वो माय, कोनी हाय का वो?" तिच्या हाकेला एक कुत्रं तेवढं आलं. आणखी पुढं जावं तर पोर एकटी.

ती परत आली आणि तिची नजर वर गेली. देवाच्या कोपऱ्यात, आढ्याला, पळसाच्या पानांचा पुडा टांगलेला होता. मोसमातली पहिली ओंजळ देवाची. घरातल्या कोणी ती खायची नाही, ही या घरची रीत. तिच्या सासूनं मरताना सुद्धा तिला बजावलं होतं. बुधरीबाईनं विळ्यानं दोरी कापली. फुलं पाट्यावर ठेचली, पाण्यात कुस्करली आणि तो रस थोडाथोडा स्वातीच्या ओठांत सोडायला लागली. "गीळ बाई, गीळ. देवा, मले काय करायचं ते कर, हिले नको."

पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग स्वातीनं स्वतःहून वाटीला हात लावला.

पत्त्याचा भारा घेऊन सोमारी आली तेव्हा तिच्या साखर मोजायच्या मशीनवर अठ्ठावन्न आले. "आता एवढी कमी हाय, तं आधी किती असंल वो!" तिनं टेकडीवर चढून फोन लावला. दुपारी स्वातीला खाटेवर घालून सडकेपर्यंत नेलं, तिथं दवाखान्याची गाडी आली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र लावलं. ठोके ऐकू आले. बुधरीबाई तिथंच फरशीवर बसली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

"अहो आई, बंद केलं ते तरी सांगायचं! मी सुई कमी केली असती."

"चारत होती हेच नोतं सांगतलं, तं बंद केलं हे कोन्या तोंडानं सांगू?"

डॉक्टरीणबाईंनी यंत्र पुसून बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "बाळ मोठं दिसतंय. आता शेवटपर्यंत इथंच ठेवू. पुढचं मी सांगू शकत नाही."

मोठं! बुधरीबाईला ती दोन राजावानी पोट्टी आठवली. "बाई," तिनं हळूच विचारलं, "त्या दोघांच्या येळी बी मी लाडू देत होती. रोज."

"मोहानं नाही हो. आजार होता, तो कुणाला कळलाच नाही." डॉक्टरीणबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. पण बुधरीबाईला ते ऐकूच गेलं नाही.

संध्याकाळी ताट आलं. पोळी, वरण, उकडलेलं अंडं, वाटीभर भात. स्वातीच्या हाताला सलाईन. "आत्या, भूक लागली. भरवा ना."

बुधरीबाईनं घास केला. उचलला. आणि हात तिथंच थांबला. तिनं पलीकडच्या खाटेजवळच्या सिस्टरला हाक मारली. "बाई, हा घास देऊ का?"

"द्या की! विचारायचं काय त्यात?"

तिनं तो घास दिला. दुसरा केला, आणि पुन्हा सिस्टरकडं पाहिलं. "बाई, हा देऊ का?"