आधी लिहिलेलं रद्दचं बटण

मासेमारी संस्थेच्या सचिवांवर मला सूड उगवायचा होता, आणि हाताशी जाळं नव्हतं, प्रोग्रामिंगची जावा होती.

गेल्या उन्हाळ्यात गावच्या तलावात मी बाबांच्या मदतीला उतरलो. जाळं फेकलं ते माझ्याच डोक्यावर पडलं आणि मी चिखलात बसलो. काठावरून सचिव ओरडले, "अरे, हा बटनं दाबाले बरा! जाळं याच्या बापालेच फेकू द्या!" सगळे हसले. बाबाही हसले, ते जास्त लागलं.

पुढे याच सचिवांनी संस्थेचा ऑनलाइन फॉर्म करायला मलाच सांगितलं. तलावात कोणत्या दिवशी कोणाचं जाळं, ही पाळी चिठ्ठ्या टाकून ठरते. मग सचिवांनी एकेक नाव उघडून पक्कं करायचं. फॉर्मखाली दोन बटणं, 'पक्की' आणि 'रद्द'. दाबलेल्या बटणाचंच नाव ब्राउझर पाठवतो आणि त्यावरून माझा जावा प्रोग्राम काय करायचं ते ठरवतो. पण कोणी नुसता एंटर मारला, तर फॉर्ममध्ये आधी लिहिलेलं बटणच दाबलं, असं ब्राउझर धरून चालतो. आणि सचिव माउसला शिवत नाहीत. कुदळ मारावी तसा एंटर मारतात.

मग काय! मी 'रद्द' आधी लिहिलं आणि पडद्यावर मात्र मागे ढकललं. रद्द झालेली पाळी लगेच दुसऱ्याला जावी आणि सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज पडावा, हीसुद्धा सोय केली. आतापर्यंतच्या कागदी वहीत दरवर्षी पहिली नोंद सचिव स्वतःची करत. म्हणजे सावज ठरलेलं.

उद्घाटनाला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. ताईच्या सासरचे ज्या दिवशी जेवायला येणार, नेमका तोच दिवस त्यांना चिठ्ठीत लागला होता. व्याह्यांना स्वतःच्या जाळ्यातली मरळ वाढायची म्हणून होळीपासून जाळं दुरुस्त करत बसले होते.

सचिव खुर्चीत बसले. "फारम तुहं, तं बोहनी तुह्या घरची. पहिले तुह्या बापाची पाळी पक्की करतो."

"थांबा, माउसनं..."

कुदळ पडली.

सगळ्यांचे मोबाइल एकदम वाजले. बाबांनी चष्मा सावरून वाचलं आणि माझ्याकडेच पाहिलं. "काहून रे, माही पाळी रद्द काहून?" ज्यांना ती मिळाली ते गृहस्थ एव्हाना घरी फोन करून सांगतही होते.

खरं बोलायची हीच वेळ होती. मी म्हणालो, "सर्व्हरची गडबड आहे."

"असू दे," सचिव बाबांना म्हणाले, "दादा, माही पाळी एक दिवस पहिलेची आहे, ते तुम्ही घ्या. पोट्टा अजून शिकून राहिला, चालाचंच."

शिकून राहिला! अकरा वर्षं झाली मला जावा लिहिताना.

सचिवांच्या पाळीच्या दिवशी बाबांना तीन मरळ लागल्या. दोर धरायला सचिव स्वतः आले, आणि मी पुन्हा चिखलात बसलो. हात देऊन वर ओढताना ते जुनंच वाक्य बोलले, पण यंदा हळू, फक्त मला ऐकू येईल असं.

घरी येऊन मी 'पक्की' आधी लिहिलं. रद्द करण्यापूर्वी फॉर्म आता "नक्की?" असं एकदा विचारतो. सचिवांना मात्र तीनदा विचारतो. पक्की करतानाही.