फाटक्या कानाचा बोकड

वडीगोद्रीच्या अलीकडं एक खेडं आहे, तिथल्या गुलाम नबी मुलाण्याला गावानं दोन नावं ठेवलेली. तोंडावर 'चाचा' आणि माघारी 'सच्च्या'. दुसरं नाव टिंगलीचं, पण ते त्यानं कमावलेलं होतं. माणूस भलता फटकळ. कुणाच्या नव्या विहिरीचं पाणी मचूळ लागलं की मालकाच्या देखतच घोट थुंकून टाकायचा आणि म्हणायचा, "खारंय." लग्नाच्या पंगतीत वरण पातळ झालं तर यजमानाला हाक मारून सांगायचा. त्याची बायको बदरुन्निसा कपाळाला हात लावायची. "अजी, जरा चुप बैठे तो क्या बिगडता?" ती म्हणायची. पण चुप बसेल तो गुलाम नबी कसला!

गावात हिंदूच्या घरी असो का मुसलमानाच्या, बोकड-कोंबडं कापायचं म्हटलं की सुरी त्याचीच. बापआज्यापासून चालत आलेलं काम. मोबदल्यात मुंडी आणि कातडं. गावाबाहेर ओढ्याच्या काठाला पिराचा दर्गा आहे. ज्याचा नवस फळला तो जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, तिथं बोकड कापायचा आणि भाऊबंदाला जेवू घालायचा. त्याला कंदुरी म्हणतात. नवस बोलणारी बहुतेक घरं पहाटे देवळातल्या काकड्याला जाणारीच, पण पिराचं काम पिराच्या रीतीनं, म्हणजे चाचाच्या हातानं. यात कुणाला कधी काही वावगं वाटलं नाही.

पारावर बसलेली माणसं त्याला मुद्दाम डिवचायची. "चाचा, पाच वक्ताचे नमाजी तुम्ही, अन् एवढी जनावरं कापता. पाप लागत न्हाई का?"

"कशाला लागंल?" तो फणकारायचा. "सुरीला धार आसती माझ्या. जनावराला आधी पाणी पाजतो, त्याला सुरी दावत न्हाई, दुसऱ्या जनावरापुढं कापत न्हाई. पाप काय सुरीत आसतंय व्हय? पाप जबानीत आसतंय. टोपी घातली न् माळ घातली म्हंजी माणूस नेक झाला का? आधी त्याची जबान बघा."

त्याच्या धर्माचा सगळा हिशोब असा दोन वाक्यांत बसायचा. खोटं बोलायचं नाही, आणि देवाच्या नावावर तर मुळीच नाही. नवसाचं जनावर तो आदल्या दिवशी घरी जाऊन पारखायचा. लंगडं असलं, शिंग बुडातून मोडलेलं असलं, कान बराच तुटलेला असला की परत. एका साली खुद्द काकासाहेब पाटलाचा बोकड त्यानं चारचौघांत माघारी धाडला होता. "पिराला काय उकिरडा समजलात का, पाटील?" असं वर ऐकवलं होतं. पाटील आठवडाभर तोंड पाडून हिंडले. ही गोष्ट गावात चुलीपाशी, पाणवठ्यावर सगळीकडं झाली, आणि बायकांनी ती बरोबर ध्यानात ठेवली.

अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. कारभारी नावाच्या शेतकऱ्याचा पोरगा, रामकिसन, मुदतीच्या तापानं अंथरुणाला खिळला. जालन्याच्या डॉक्टरची सुई चालू होतीच, पण आईचा जीव सुईवर थोडाच थांबतो? कारभाऱ्याची बायको सगुणाबाई दर्ग्यावर गेली आणि बोलली, "माझं लेकरू उठू दे, घरचा बोकड देईन." पोरगं उठलं. त्याच हप्त्यात त्यांची शेळी व्याली आणि मेली. मागं एक नर पिल्लू राहिलं. तेच पिराच्या नावानं राखलं.

इथंच घोळ झाला. बिनआईचं पिल्लू सगुणाबाईनं कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून वाढवलं. थंडीत पोटाशी घेऊन निजली. ते तिच्यामागं पाणवठ्यावर जायचं, भाकरी थापायला बसली की परातीपाशी येऊन उभं राहायचं. नवस फेडायला वर्ष लोटलं तरी ती म्हणायची, "आजून बारीक हाय." दुसरं वर्ष सरत आलं तसा कारभारी वैतागला. "तू देवाला फशिवतीस काय? उद्या पोराला काय झालं म्हंजी?" तो काही वाईट माणूस नव्हता. त्यालाही पोराचीच भीती होती. कंदुरीची जुमेरात ठरली, पाहुण्यांना सांगावे गेले.

बुधवारी दुपारी गुलाम नबी बोकड बघायला आला. कारभारी, त्याचा भाऊ बद्रीनाथ आणि दोघे-तिघे पाहुणे अंगणात बसलेले. सगुणाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी. चाचानं बोकडाचे दात बघितले, पाय दाबले, शिंगावरून हात फिरवला. डाव्या कानाशी हात थांबला. कानाच्या कडेला चीर होती. ताजी. वरून हळद लावलेली.

"तारंला फाटलाय," सगुणाबाई दारातूनच म्हणाली.

तारेला फाटलेला कान चाचाला कळत नव्हता होय? तार ओरबाडते, कातडं लोंबतं. ही चीर सरळ होती, विळ्यानं मारल्यासारखी. त्यानं मान वर करून बघितलं. बाईचे डोळे रडून सुजलेले. तेव्हा त्याच्या लक्षात सगळं आलं. हिला नवस मोडायचा नव्हता. नवस मोडला तर पोरावर येईल, हे तिच्या हाडात बसलेलं. तिला पिराकडूनच नकार हवा होता. बोकडाला खोट असली तर पीर घेणार नाही, मग मोडल्याचं पाप तिला नाही! केवढी ही अक्कल आणि केवढी ही वेडी माया! बोळ्यानं दूध पाजलेल्या पिलावर तिनंच विळा चालवला होता.

आणि अडचण अशी की एवढ्याशा चिरेला मनाई नव्हतीच. कान बराच गेला असता तर गोष्ट निराळी. हा बोकड चालत होता. बिलकुल चालत होता.

"काय चाचा, बराबर हाय ना?" कारभाऱ्यानं विचारलं.

गुलाम नबीनं बोकडाचा कान सोडला. "न्हाई चालत," तो म्हणाला. "कान फाटकाय. पिराला असलं चालत न्हाई. दुसरा बघा."

"एवढंसं तर हाय की!" बद्रीनाथ म्हणाला.

"धर्माचा मसला तुला ठाव हाय का मला?" चाचा त्याच्यावर खेकसला. पुढं कुणाची बोलायची छाती झाली नाही. ज्या माणसानं पाटलाला सोडलं नाही, तो खोटं कशाला बोलेल?

कारभारी चडफडत घनसावंगीला गेला आणि संध्याकाळच्या जीपमध्ये माणसांच्या पायात घालून बाजारचा एक काळा बोकड घेऊन आला.

जुमेरातीला दर्ग्यापाशी निंबाखाली चुली पेटल्या. चाचानं काळा बोकड आडोशाला नेला, पाण्याची वाटी पुढं धरली. बोकड पाणी प्यायला. मग मान पुढं करून त्यानं चाचाचा तळवा हुंगला, चाटला, बोटांच्या मधे तोंड घालून काहीतरी शोधायला लागला. चाचा चरकला. नुसत्या पाल्यावर वाढलेलं जनावर असं करत नाही. याला कुणीतरी हातानं भाकरी चारलेली होती. कुठल्या गावच्या, कुठल्या घरच्या बाईनं, कोण जाणे. तिला विळा सुचला नव्हता, का सुचूनही नाइलाज झाला होता!

त्यानं 'बिस्मिल्ला' म्हटलं आणि काम केलं. सुरीला धार होती.

जेवणं उरकली तशी सगुणाबाई मुंडीची पाटी घेऊन स्वतः त्याच्याकडं आली. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, "चाचा, नवस म्या मोडला न्हाई ना? पिरानंच घेतला न्हाई. आसंच ना?"

"आसंच," गुलाम नबी म्हणाला.

"अन् ह्यो दुसरा?" ती घुटमळली. "त्येचंबी कुणी आसंल का वो?"

"बाजारचं जनावर ते," तो म्हणाला. "माणसाला वळखतबी नव्हतं. जा, पोराला जेवू घाल."

तिचा चेहरा असा मोकळा झाला की चाचाला तिकडं बघवेना. पाटी घेऊन तो तडक घरी आला आणि ती बदरुन्निसापुढं ठेवून म्हणाला, "किसीको दे डाल. मैं नहीं खाता."

मग त्यानं बायकोला सगळं सांगितलं. कान, विळा, मसला, तळवा, सगळं. बदरुन्निसानं तोंडावर पदर धरला. नवऱ्याचं फटकळ तोंड तिनं आयुष्यभर सोसलं होतं, पण खोटं तोंड ती पहिल्यांदा बघत होती. "दीन के नाम पे झूट बोले?" ती म्हणाली. "तौबा करो जी. अब्बीच करो. अल्ला बहोत मेहरबान है."

"करता था," तो म्हणाला. "रस्तेभर वोच सोचते आया. पर तौबे की शर्त क्या है? के फिर नहीं करूंगा. और कल को वो बाई फिर से वैसाच कान लेके आई, तो मैं फिर झूटच बोलनेवाला हूं. मेरे को मालूम है. तो किस मुंह से करूं?"

बदरुन्निसानं पाटी उचलली आणि शेजारी देऊन आली.

अजान झाली. गुलाम नबीनं हातपाय-तोंड धुऊन वजू केला, चटई टाकली, नमाज पढला. शेवटी हात पसरून त्यानं तोडून बोललेल्या शब्दांची माफी मागितली, पाटलाला चारचौघांत हिणवलं त्याची मागितली, बायकोला रागावतो त्याची मागितली. पुढं नेहमीपेक्षा बराच वेळ हात तसेच पसरलेले राहिले. त्या एका खोट्याची माफी मात्र त्यानं मागितली नाही. तोंडावरून हात फिरवून उठला आणि चटई गुंडाळून ठेवली.