गप्प बसण्यासाठी समुद्रावर

माझ्या बायकोने बोलू नये म्हणून आम्ही जहाजावर गेलो. असं म्हटलं की लोक माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघतात, म्हणून आधीच खुलासा करतो. ती देवळीजवळच्या एका गावात पहिलीचा वर्ग घेते. तीस वर्षं घेते आहे. ओरडून ओरडून तिच्या स्वरयंत्रावर गाठी आल्या. सेवाग्रामच्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून बघितलं आणि सांगितलं, गाठी साध्या आहेत, पण आवाजाला विश्रांती हवी. पंधरा दिवस एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही, त्याने घसा उलट जास्त ताणला जातो. सोळाव्या दिवशी हळूहळू दोन-चार शब्द बोलून बघायचे. आवाज कसा येतो त्यावर पुढचं ठरणार होतं. आला तर वर्ग. नाही आला तर नोकरीची उरलेली दोन वर्षं कुठल्या तरी कार्यालयात टेबलामागे. टेबलामागे काय असतं ते मला चांगलं ठाऊक आहे, मी निवृत्त होईपर्यंत तिथेच होतो. तिला ते एक दिवसही सोसणार नाही.

शाळेतून तिने एक पाटी आणि पेन्सिलींचा डबा घरी आणला आणि आमचा संसार पाटीवर सुरू झाला. यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बायको बोलते वऱ्हाडी आणि लिहिते पुस्तकातलं. ‘चहात साखर काऊन कमी टाकली?’ असं विचारणारी बाई आता पाटीवर ‘चहात साखर कमी आहे’ एवढं सुवाच्य अक्षरात लिहून पाटी माझ्यापुढे धरायची. शेवटी पूर्णविराम. एखाद्या कलेक्टरच्या बायकोबरोबर राहतो आहे असं वाटायचं. पहिले दोन दिवस घर शांत झालं म्हणून मी खुशीत होतो. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम बाथरूमचा नळ चालू ठेवून बघितला. ती ओरडली नाही. पाटी घेऊन आली.

पण देवळीत गप्प राहणं शक्य नव्हतं. तीस वर्षांत तिच्या हाताखालून गेलेली पोरं आता भाजी विकतात, बँकेत बसतात, एसटीत तिकिटं फाडतात. जो तो पाया पडतो आणि विचारतो, “बाई, वळखलं का मले?” उत्तर नाही आलं की त्याचा चेहरा पडतो. एकाने तर आईकडे जाऊन सांगितलं, बाईले आता गर्व आला. तेव्हा पुण्याहून मुलीने फोन केला आणि तोडगा काढला. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईहून आलिशान जहाज निघतं, गोवा, पुढे लक्षद्वीप आणि परत. पाच रात्री. “तिथे आईला ओळखणारं कोणी नसेल. समुद्राकडे बघत बसा,” ती म्हणाली. सोबत जहाजाचं पत्रक पाठवलं. त्यात पांढऱ्या केसांचं एक जोडपं पांढऱ्या कपड्यांत कठड्याला टेकून उभं होतं. खाली लिहिलं होतं, शांतता अनुभवा. फोटोत पोर एकही नव्हतं.

आता आमची चूक सांगतो. शाळेला सुट्टी लागते तेव्हा पोरांनाही लागते. ही गोष्ट तीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईच्या ध्यानात आली नाही आणि तिच्या सुट्ट्यांकडे डोळे लावून बसण्यात जन्म घालवलेल्या माझ्याही नाही. मुंबईच्या बंदरावर रांगेत उभे राहिलो तेव्हा मौनाचे अकरा दिवस झाले होते, आणि पुढेमागे, डावीकडे-उजवीकडे, ट्रॉलीबॅगांवर बसलेली, बापाच्या मानेवर चढलेली, जमिनीवर लोळण घेतलेली, नुसती पोरंच होती. बायकोने पाटी काढली. ‘ही सगळी आपल्याच जहाजावर आहेत का?’ मी म्हटलं, “नाई वं, सोडायले आले असतीन.” सोडायला कोणी आलं नव्हतं.

ज्यांना अशा सफरीवर जायचं आहे त्यांच्यासाठी अनुभवाचे चार शब्द लिहून ठेवतो. जहाजाला अकरा मजले असतात आणि लिफ्टमध्ये शिरलेलं पोर निघताना अकराही बटणं दाबून निघतं. सकाळी साडेसातच्या आत नाश्ता केला तर तो बसून होतो. नंतर डोशाच्या तव्यापुढे हातात रिकामी प्लेट घेऊन उभं राहावं लागतं, आणि कंबरेखालून कोण पुढे गेलं ते कळत नाही. गरम पाण्याचा एक गोल हौद असतो. त्यात बसलं की अंग मोकळं होतं म्हणतात. मी बसलो, तेव्हा माझ्यासोबत नऊ जण होते, आणि त्यातल्या एकाने मला विचारलं की तुमचे पाय पाण्यात असे का दिसतात. मुलांसाठी वेगळा क्लब असतो, तिथे ताई-दादा चित्रं रंगवून घेतात. पोरं म्हणतात, हे तर शाळेतही करतो, आणि निघून येतात. शिवाय क्लब दुपारी एक ते तीन बंद असतो. आईबापांना झोप येते ती नेमकी तेव्हाच.

वरच्या मजल्यावर एक डेक फक्त मोठ्यांसाठी राखलेला होता. अठरा वर्षांखालच्यांना मनाई, असा बोर्ड होता. त्या बोर्डावर पोरं ओले टॉवेल वाळत घालत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याच डेकवर दोन खुर्च्या धरल्या. शेजारी दिल्लीकडचे एक गृहस्थ जाड पुस्तक घेऊन बसले होते. आदल्या दिवशी त्यांनी पोरांबद्दल दोनदा तक्रार केली होती, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. बायकोने पाटीवर ‘समुद्र छान आहे’ असं लिहून मला दाखवलं. तेवढ्यात पोहण्याचा गॉगल कपाळावर चढवलेली सहा-सात वर्षांची एक मुलगी येऊन उभी राहिली. अमरावतीची होती, हे नंतर कळलं. तिने आयुष्यात पाटी बघितली नव्हती. “हा कुठला टॅब आहे?” तिने विचारलं. तिच्यामागे तिचा भाऊ आला, भावामागे पुण्याची दोन पोरं, आणि सगळी एकदम विचारायला लागली. आजी, काय लिहिता? आजी, मला द्या ना. आजी, हे पुसतं कसं?

बायकोने मान हलवली आणि ओठांवर बोट ठेवलं. तिला म्हणायचं होतं, मला बोलता येत नाही. पण महाराष्ट्रातल्या पोरांना या खुणेचा एकच अर्थ ठाऊक आहे. चौघंही तिथेच डेकवर मांडी घालून बसली. हाताची घडी, तोंडावर बोट. पाठ ताठ. पलीकडून एक गुजराती मुलगा हे बघत होता. त्याला काही उमगलं नसावं, पण इथे काहीतरी मिळणार आहे अशा समजुतीने तोही शेवटी येऊन तसाच बसला. मग आणखी दोन आली.

दिल्लीकडच्या गृहस्थांनी पुस्तक खाली केलं. सात पोरांकडे बघितलं, मग माझ्या बायकोकडे बघितलं आणि बसल्या जागी हात जोडले.

गैरसमज झाला आहे, हे बायकोला कळलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “उठव ना त्यायले.” पण समोर पोरं ओळीत बसलेली, हातात पाटी, अशा वेळी उठवायचं कसं हे तिला शिकवलेलंच नाही. तिने पाटीवर मासा काढला.

दुपारपर्यंत ही बातमी सगळ्या मजल्यांवर पोचली. अकराव्या मजल्यावर एक मॅडम आहेत, त्या बोलत नाहीत आणि पोरं गप्प बसतात. आया एकेक पोर घेऊन येऊ लागल्या. “मॅडम, बस पंधरा मिनिटं हां,” म्हणायच्या आणि दोन तासांनी ओल्या केसांनी, ताज्यातवान्या होऊन परत यायच्या. तिसऱ्या दिवशी चौदा पोरं होती. मराठी, गुजराती, दोन हैदराबादची, आणि एक गोरा मुलगा, ज्याची आई लांबून फोटो काढत होती. बायको पाटीवर चित्र अर्धं काढायची आणि पेन्सिल पुढे करायची, उरलेलं पोरांनी पुरं करायचं. हत्तीला चौदा पोरांनी मिळून सहा पाय काढले. तिने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. मला मात्र खालच्या मजल्यावरच्या आइस्क्रीमच्या मशीनवर पाठवायची. पाटीवर लिहून द्यायची, ‘व्हॅनिला आठ, चॉकलेट सहा.’ जन्मभर मी घंटी वाजवून शिपायाला बोलावलं. आता मी ट्रे घेऊन जिना चढत होतो.

लोकांना वाटे, काय सुखी जोडपं आहे. माझ्या मनात दिवसमोजणी चालू होती. गॉगलवालीने मला एकदा बाजूला घेऊन विचारलं, “आजोबा, आजी मुकी आहे का?” मी म्हटलं, “नाही गं, तिचा आवाज तर चार वर्गांच्या भिंती ओलांडून रस्त्यावर जायचा. तो ऐकून एसटीवाला हॉर्न मारायचा.” तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मलाही ते खरं वाटेना. त्या दिवशी जेवताना मी दोनदा भात घेतला आणि तो खाल्ला नाही. मला भीती वाटत होती. ती मी कोणाला सांगितली नव्हती, तिला तर नाहीच. आणखी एक इच्छा होती, तीही सांगून टाकतो. तिचा आवाज येईल तेव्हा तो सगळ्यात आधी मला ऐकायचा होता. चांगला येवो की फाटका येवो, पहिला मी. तीस वर्षं पहिलीतल्या पोरांनी तो माझ्याहून जास्त ऐकला आहे.

सोळावा दिवस जहाजावरचा शेवटचा पूर्ण दिवस होता. सकाळी ती उठली, तोंड धुतलं, खिडकीशी बसली. मी समोर बसलो. “बोल ना वं. आज सोळावा दिवस हाय.” तिने पाटी घेतली. ‘चहा होऊ द्या.’ चहा झाला. ‘नाश्ता होऊ द्या.’ नाश्ता झाला. मी पुन्हा तिच्यासमोर येऊन बसलो. तिने तेच वाक्य पुसलं आणि पुन्हा तेच लिहिलं. तेव्हा मला कळलं की तीही घाबरली आहे.

आम्ही डेकवर गेलो. पोरं आधीच बसली होती. थोड्या वेळाने तिने मला आइस्क्रीम आणायला पाठवलं. मशीनपुढे लांब रांग होती, आणि एका पोराने हँडल दाबून धरलं होतं ते सोडायला तयार नव्हतं. मी चौदा कप घेऊन वर आलो तेव्हा सगळी पोरं उभी होती आणि एकाच वेळी ओरडत होती.

“आजोबा, आजी बोलली!”

मी ट्रे हातातच धरून उभा राहिलो. “काय बोलली?”

“मी विचारलं, आजी, तुम्हाला खरंच बोलता येत नाही का?” गॉगलवाली म्हणाली. “तर आजी म्हणाली, येते.”

“कसा होता आवाज?”

तिला प्रश्न कळला नाही. तिने भावाकडे बघितलं, भावाने पुण्याच्या पोरांकडे. “कसा म्हणजे? आजीचा होता,” ती म्हणाली.

मला वाईट वाटलं. सहा वर्षांच्या मुलीचा मला राग आला, हेही खरं. पंधरा दिवस मी वाट बघितली आणि मशीनच्या रांगेत होतो तेव्हाच तो आवाज आला. आणि ज्यांनी ऐकला त्यांना जुना आवाज माहीत नाही. त्यांच्या लेखी आजीचा आवाज हाच.

बायको माझ्याकडे बघत होती. तिला माझ्या तोंडावरून काहीतरी वाचायचं होतं, कारण साऱ्या जहाजावर तिचा आधीचा आवाज ओळखणारा मी एकटाच होतो. तिने तोंड उघडलं.

“अजी, आइस्क्रीम वितळून राह्यलं.”

स्टेशन नीट न लागलेल्या रेडिओसारखा आवाज होता. खरबरीत, बारीक, मधेच तुटणारा. ‘राह्यलं’ तर अर्धंच आलं, उरलेलं ओठांवरून समजून घेतलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ट्रे हातात असल्यामुळे पुसता आलं नाही. पोरांनी माझ्याच हातातून कप उचलायला सुरुवात केली.

“कसा हाय?” तिने विचारलं.

“पयल्यासारखाच हाय,” मी म्हटलं.

पहिलीच्या बाईशी खोटं बोलायला नको होतं. दिल्लीकडचे गृहस्थ पुस्तक मिटून समुद्राकडे बघू लागले. मग तिने सरळच विचारलं, एकेक शब्द जपून जपून.

“माह्या वर्गात बत्तीस पोरं हाय. त्यायले ऐकू जाईन का?”

मी वर्ग डोळ्यांपुढे आणला. खिडकीपासच्या शेवटच्या ओळीपर्यंत गेलो. “नाई जाणार,” मी म्हटलं.

तिने मान डोलावली. गुजराती मुलाच्या हनुवटीवरचं आइस्क्रीम पदराने पुसलं.

“मंग जवळ बसवीन त्यायले,” ती म्हणाली.